अर्थशास्त्र शिकून काय करावयाचे?



वैशाखातल्या संध्याकाळी गच्चीवरचा वारा सोडून आपण व्याख्यानाला आलात, ही घटना आमच्या शास्त्राच्या दृष्टीने साधी नव्हे. ह्या दीड तासात आपणांस दुसरे पुष्कळ काही करता आले असते. कोणी नातवंडांना घेऊन फिरावयास गेले असते, कोणी हिशेब पुरा केला असता, कोणी नुसतेच पडून राहिले असते. ते सोडून देऊन आपण येथे बसला आहात, आणि जे सोडले तीच ह्या व्याख्यानाची खरी किंमत होय. दाराशी तिकीट नाही म्हणून व्याख्यान फुकट, असे अर्थशास्त्र मानीत नाही. ह्यालाच पुस्तकात 'संधी-खर्च' म्हणतात. बी. ए. च्या पहिल्या वर्षाला, पहिल्याच महिन्यात हा धडा येतो. आज त्याची आठवण करून दिली ती आमच्यावरची जबाबदारी कबूल करण्यासाठी.

विषय आहे अर्थशास्त्र आणि वित्तशास्त्र ह्यांच्या विद्यापीठीय शिक्षणाचा. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही हाच सांगितला, आणि त्याला एक कारण घडले होते. गेल्या वर्षी बारावीचा निकाल लागल्यावर आमच्या शेजारचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आमच्याकडे आले. मुलगी हुशार, गणितात चांगले गुण. ते म्हणाले, "काका, ही म्हणते अर्थशास्त्र घ्यायचं. मला वाटतं सी. ए. करावं, निदान बँकेत तरी चिकटेल. तुम्हीच सांगा." मुलगी आमच्याकडे पाहत होती. आम्ही तीस वर्षे महाविद्यालयात हाच विषय शिकविला. तेव्हा उत्तर ओठांवर तयार असावयास हवे होते. परंतु ते आले नाही. आम्ही म्हणालो, "थोडे दिवस द्या."

उत्तर का आले नाही, हे सांगितल्याखेरीज पुढचे बोलणे प्रामाणिक होणार नाही. १९९८ साली ह्याच गृहस्थांची आई, आम्ही त्यांना वहिनी म्हणत असू, एका पतसंस्थेचा छापील वार्षिक अहवाल घेऊन आमच्याकडे आल्या होत्या. पती नुकतेच गेलेले. हाती ऐंशी हजार रुपये. बँका तेव्हा मुदत ठेवीवर १० ते ११ टक्के देत होत्या, आणि ही संस्था १५ टक्के देत होती. मुलगा बी. ए. झालेला, त्याला एम. ए. साठी बाहेरगावी पाठवावयाचे होते. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही ह्यातले. ठेवू का?" आम्ही अहवाल चाळला. नफा दिसला, लाभांश १२ टक्के दिसला, संचालकांची नावे ओळखीची दिसली. आम्ही म्हणालो, "हरकत नाही." त्या वेळी आम्ही वर्गात व्याजाच्या सिद्धांतांवर महिनाभर व्याख्याने देत होतो! २००१ साली त्या संस्थेचे दार बंद झाले. नऊ वर्षांत वहिनींच्या हाती तुकड्यातुकड्यांनी तीसेक हजार आले. मुलगा एम. ए. ला गेला नाही. एका हिशेबतपासनिसाच्या कचेरीत कारकून म्हणून लागला, आणि आज तोच आपल्या मुलीचा हात धरून आमच्या दाराशी आला होता. वहिनींनी आम्हांला कधी शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरे झाले असते.

असो. ह्या एका प्रसंगात आजच्या विषयाचा गाभा आहे असे आम्हांला वाटते. आम्ही अर्थशास्त्र शिकलो होतो, पण ताळेबंद वाचावयास शिकलो नव्हतो. आणि ज्यांनी तो ताळेबंद रचला, त्यांना जमाखर्च येत होता, पण त्याच्या मागची माणसे दिसत नव्हती, किंवा दिसत असून पाहावयाची नव्हती. विद्यापीठात जाणाऱ्या मुलाने ह्या दोहोंतले काय शिकावे, आणि कशासाठी?

प्रथम हे शास्त्र आपल्याकडे कसे रुजले ते पाहू. मुंबई विद्यापीठाच्या आवारातला राजाबाई टॉवर आपण पाहिलाच असेल. त्याखालच्या ग्रंथालयात पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी अर्थशास्त्र वाचले. पण ती इमारत कोणाच्या पैशातून उभी राहिली? प्रेमचंद रायचंद ह्या कापूस आणि शेअर बाजारातल्या बड्या दलालाच्या देणगीतून. राजाबाई हे त्यांच्या मातोश्रींचे नाव. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशातून कंपन्यांचे पीक उठले. समुद्र बुजवून जमीन करण्याच्या योजनांचे शेअर लोकांनी डोळे मिटून घेतले. १८६५ साली युद्ध संपले, कापूस कोसळला, आणि निम्म्या मुंबईचे दिवाळे वाजले. प्रेमचंदांची देणगी त्याच्या आदल्या वर्षीची म्हणून विद्यापीठाला लाभली. विद्यार्थ्याने त्या मनोऱ्याखाली बसून पुस्तक उघडावे तेव्हा डोक्यावर शास्त्रातला एक धडाच उभा आहे, हे ध्यानात ठेवावे.

त्या पडझडीनंतरच्या पिढीत आपल्याकडे ह्या शास्त्राचा खरा अभ्यास सुरू झाला. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. इंग्लंडच्या पुस्तकांतले नियम सर्व देशांना आणि सर्व काळांना सारखेच लागू पडतात हे म्हणणे त्यांनी मान्य केले नाही. ज्या देशात भांडवल थोडे, शेती पावसावर, आणि उद्योग मोडीत निघालेले, तेथे खुल्या व्यापाराचा नियम तसाच लावून चालणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. आज विद्यापीठात जो विद्यार्थी परदेशी पाठ्यपुस्तक घेऊन बसतो, त्याला ही शिकवण अजूनही लागते.

रानड्यांच्या परिवारातच रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी होते. पेशाने सरकारी शाळेतले शिक्षक. पण सरकारी अंदाजपत्रके, शेतसाऱ्याचे तक्ते, आयात-निर्यातीचे आकडे ह्यांवर त्यांची अशी पकड की सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकातील त्यांचे लेख आजही अभ्यासकांना घ्यावे लागतात. नामदार गोखले वरिष्ठ कायदेमंडळात गेले ते ह्या जोशींचा पत्रांतून सल्ला घेत. १९०२ साली गोखल्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. सरकार म्हणत होते, शिल्लक पडते आहे, म्हणजे देश सुखी आहे. गोखल्यांनी दाखविले की देश दुष्काळाने होरपळत असताना शिल्लक पडते ती नाण्याच्या भावातल्या फेरफारामुळे.

हे जरा उलगडून सांगावयास हवे. १८९३ साली सरकारने टांकसाळी खाजगी चांदीला बंद केल्या. रुपयाची टंचाई होऊन त्याचा भाव चढला आणि शतकाच्या अखेरीस तो १ शिलिंग ४ पेन्सांवर ठरला. सरकारला विलायतेस जो खर्च पाठवावा लागे तो पौंडांत. रुपया महागला म्हणजे तेवढेच पौंड थोड्या रुपयांत मिळणार. पण रयतेचा कर रुपयांतच ठरलेला, तो जसाच्या तसा. परदेशी जाणाऱ्या मालाला मात्र शेतकऱ्याच्या हाती पूर्वीपेक्षा कमी रुपये येणार. म्हणजे सरकारच्या तिजोरीतली शिल्लक आणि शेतकऱ्याच्या घरातली तूट ही एकाच व्यवहाराची दोन टोके होती. १९०३ पासून मिठावरचा कर टप्प्याटप्प्याने उतरला, त्यामागे अशा टीकेचा वाटा होता. आकड्यांची ही बाराखडी ज्याला येते तो राज्यकर्त्यांशी त्यांच्याच भाषेत बोलू शकतो, हे आमच्या लोकांना तेव्हा पहिल्यांदा उमगले.

आणि विद्यापीठीय अभ्यासाचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे प्राध्यापक सेलिग्मन ह्यांच्यापाशी सार्वजनिक वित्तव्यवहार शिकले. १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून १९१७ साली परतावे लागले. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नोकरी केली, पगारातून पैसा साठविला, शाहू महाराजांचे साहाय्य घेतले, मित्राकडून कर्ज काढले, आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यांचे गुरू कॅनन ह्यांना त्यातली सगळी मते पटली नव्हती, तरी प्रस्तावना त्यांनीच लिहिली. विद्यापीठ म्हणजे काय, ह्याचा एवढा चांगला नमुना आम्हांला दुसरा ठाऊक नाही. पुढे १९२५ साली चलनविषयक शाही आयोग नेमला गेला, त्याच्यापुढे बाबासाहेबांनी साक्ष दिली. रुपयाचा विलायती भाव स्थिर राहावा ह्यापेक्षा त्याची खरेदीची शक्ती स्थिर राहावी, हा त्यांचा आग्रह. कारण बाजारात जाणाऱ्या गरिबाला हुंडणावळीचा भाव कळत नाही, ज्वारीचा कळतो.

श्रोतेहो, ही मंडळी अर्थशास्त्र शिकली ती उपजीविकेला पाठ फिरवून नव्हे. आंबेडकरांनी नोकरी केली, गोखले फर्ग्युसनात शिकवीत होते, जोशी शाळामास्तर होते. पोटाचा धंदा आणि ज्ञान ह्यांत वैर आहे असे आम्ही मानीत नाही. बापाने मुलीच्या नोकरीची चिंता केली तर ती चिंता क्षुद्र नव्हे.

आता विद्यापीठात काय शिकवितात ते पाहू. अर्थशास्त्रात दोन दालने असतात. एकात एक घर, एक दुकान, एक कारखाना कसा निर्णय घेतो ते पाहतात, दुसऱ्यात साऱ्या देशाची मिळकत, महागाई, बेकारी, चलन ह्यांचा विचार होतो. ह्यांच्या जोडीला संख्याशास्त्र, आणि आकड्यांवरून कार्यकारणभाव काढण्याचे अर्थमितीशास्त्र. वित्तशास्त्राचे दालन निराळे. आज हाती असलेला रुपया आणि पाच वर्षांनी मिळणारा रुपया ह्यांचे मोल कसे ताडावयाचे, धोका कसा मोजावयाचा, भांडवल कोठून उभारावयाचे, हे ते शिकविते. एक सोपे गणित घरी नेण्यासारखे आहे. ७२ ह्या आकड्याला व्याजाच्या दराने भागा, म्हणजे रक्कम चक्रवाढीने किती वर्षांत दुप्पट होईल ते सुमाराने कळते. ८ टक्क्यांनी ९ वर्षे, १२ टक्क्यांनी ६ वर्षे. कोणी दोन वर्षांत दुप्पट करून देतो म्हणाला तर तो ३६ टक्क्यांहून अधिक देऊ करतो आहे. मग पुढचा प्रश्न आपणच विचारावा, की हा ते मिळविणार कोठून?

हाच प्रश्न आम्ही १९९८ साली विचारला नाही. आज तो विचारून पाहू. समजा, एका पतसंस्थेपाशी एक कोटीच्या ठेवी आहेत आणि ती १५ टक्के व्याज देते. म्हणजे वर्षाला १५ लाख द्यावयाचे. नोकरांचे पगार, भाडे, दिवाबत्ती धरून आणखी तीन लाख. तेव्हा ते एक कोटी तिला १९ टक्क्यांच्या आसपास कर्जाऊ द्यावेच लागणार. ज्या व्यापाऱ्याला बँक १५ टक्क्यांनी पैसे देते, तो १९ टक्क्यांच्या दाराशी का येईल? येतो तो बहुधा बँकेने परत पाठविलेला. त्यांतही दोन प्रकार. एक फेरीवाला, शिंपी, भाजीवाली अशी माणसे. ती प्रामाणिक असतात, पण कागदपत्रे नसतात. संस्थेने ह्यांना छोटी कर्जे दिली तर ती फिटतात, आणि अशा शेकडो संस्था महाराष्ट्रात चांगल्या चालल्या आहेत हेही सांगितले पाहिजे. दुसरा प्रकार म्हणजे ज्याला परत करावयाचेच नाही आणि म्हणून व्याजाचा दर त्याला कितीही चालतो. दर चढवावा तसतसा भला कर्जदार निघून जातो आणि हा उरतो. स्टिग्लिट्झ आणि वाइस ह्या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी १९८१ साली हे सूत्ररूपाने मांडले, पण गावचा जुना सावकार ते अनुभवाने जाणत होता.

आता हिशेबाकडे या. एक कोटीवर १९ लाख व्याज यावयाचे, प्रत्यक्ष आले ११ लाख. उरलेले ८ लाख 'येणे व्याज' म्हणून ताळेबंदाच्या मत्तेच्या बाजूस दाखविले आणि तेवढेच उत्पन्नात जमा धरले. कागदावर एक लाख नफा झाला, त्यातून लाभांश वाटला. पण ठेवीदारांना १५ लाख रोख द्यावयाचे, खर्च तीन लाख रोख, आणि हाती आलेले रोख अकरा. ती तूट नव्या ठेवीदाराच्या पैशातून भरली गेली. वहिनींचे ऐंशी हजार त्या नव्या ठेवींतच होते. हे आम्हांला कोणी दाखविले म्हणाल? वहिनींच्या मुलाने. हिशेबतपासनिसाच्या कचेरीत तीन वर्षे घालविल्यावर तो जुना अहवाल त्याने पुन्हा वाचला, आणि एका संध्याकाळी येऊन 'येणे व्याज' ह्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "काका, हे इथं होतं." अहवालाचे अकरावे पान. आम्ही ते पान उलटले होते.

व्यापारी बँकांना अशा न आलेल्या व्याजावर नफा दाखविता येऊ नये म्हणून नरसिंहम समितीच्या शिफारशींनंतर १९९२ पासून रिझर्व्ह बँकेने नियम घातले. ठेवींच्या विम्याची गोष्ट त्याहून जुनी. १९६० साली केरळातील पालई सेंट्रल बँक बुडाली, त्यानंतर कायदा होऊन १९६२ पासून बँकांतील ठेवींना विमा आला. २०२० पासून त्याची मर्यादा दर ठेवीदारास, दर बँकेत, पाच लाख रुपये झाली. नागरी सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था त्या विम्यात येत नाहीत. ही एवढी एक गोष्ट आपण आज येथून नेलीत तरी व्याख्यानमालेचा खर्च भरून निघेल.

कोणी म्हणेल, मग वित्तशास्त्रच शिकावे. अर्थशास्त्राची तत्त्वे हवीत कशाला? त्यावर दुसऱ्या बाजूचे उदाहरण द्यावयास हवे. अमेरिकेत रॉबर्ट मर्टन आणि मायरन शोल्स हे वित्तगणितातले धुरंधर. १९९७ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या गुंतवणूक निधीत ते भागीदार होते, त्याने पुढच्याच वर्षी सुमारे साडेचार अब्ज डॉलर गमावले. गणित चुकले नव्हते. पण रशियाने कर्जफेड थांबविताच साऱ्या जगाचे लोक एकदम एकाच दाराकडे धावतील, हे त्या गणितात बसत नव्हते. माणूस घाबरतो, आणि घाबरलेला माणूस शेजाऱ्याकडे पाहतो. २००८ साली हेच मोठ्या प्रमाणावर घडले. त्या वर्षी इंग्लंडच्या राणी एलिझाबेथ लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या एका इमारतीच्या उद्‌घाटनाला गेल्या, तेव्हा त्यांनी तेथल्या विद्वानांना विचारले की हे संकट येताना कोणालाच कसे दिसले नाही? ज्या संस्थेत आंबेडकर शिकले, तेथेच हा प्रश्न विचारला गेला. आमच्या गल्लीत तो प्रश्न विचारावयास राणीची गरज नव्हती. वहिनी तो न बोलता रोज विचारीत होत्या.

आता पोटाच्या प्रश्नाकडे वळू, कारण तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. नुसत्या बी. ए. अर्थशास्त्रावर लगेच मोठी नोकरी मिळते असे आम्ही सांगणार नाही. तो जिन्याचा पहिला मजला आहे. एम. ए. करून केंद्र सरकारच्या भारतीय अर्थसेवेत जाता येते. ही सेवा १९६१ साली स्थापन झाली आणि तिची परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग घेतो. रिझर्व्ह बँकेत अधिकारी होता येते, तेथे अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र ह्यांच्या जाणकारांची स्वतंत्र भरती असते. विमा कंपन्यांना विमागणिती लागतात, ती परीक्षा कठीण आणि माणसे थोडी. पतमापन करणाऱ्या संस्था, म्युच्युअल फंड, संशोधन संस्था, वृत्तपत्रे ह्यांनाही ही विद्या लागते. सी. ए. ची वाट निराळी आहे आणि तिची शिस्त मोठी. १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेली संस्था ती परीक्षा घेते, आणि कचेरीतली उमेदवारी हा तिचा प्राण आहे.

मात्र दोन सूचना पालकांनी ऐकाव्यात. पहिली, गणित सोडू नका. कला शाखेत अर्थशास्त्र गणितावाचून घेता येते म्हणून पुष्कळ मुले दहावीनंतर सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि एम. ए. च्या दारात पोहोचल्यावर कलन आणि संख्याशास्त्र पाहून परत फिरतात. देशातल्या कित्येक नामांकित महाविद्यालयांत बारावीचे गणित असल्यावाचून ह्या विषयाला प्रवेश नाही. दुसरी सूचना खर्चाची. फी हा शिक्षणाचा खर्चाचा एक भाग झाला. त्या वर्षांत जो पगार मिळाला असता तोही खर्चच आहे. कर्ज काढून शिकवावयाचे असेल तर हे दोन्ही मिळवून, पुढे पगारात किती फरक पडेल ह्याशी ताडून पाहावे. ज्या संस्थेच्या जाहिरातीत सर्वांत मोठा पगार छापलेला असतो, तिला निम्म्या मुलांना किती मिळाले ते विचारावे. हा प्रश्न विचारणारा पालक अर्थशास्त्र न शिकताही अर्थशास्त्रज्ञ झाला असे आम्ही समजू.

आणि पदवीच्या नावाने फार घाबरूनही जाऊ नये. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख केंब्रिजला शिकले ते वनस्पतिशास्त्र! त्यांनी संस्कृतचे अध्ययन आयुष्यभर केले, आणि देशाचे चलन व अर्थखाते सांभाळले. बुद्धीला वळण लागले असेल तर ती दुसऱ्या शेतातही नांगर धरते. मात्र चिंतामणरावांनी नव्या शेताची मशागत वर्षानुवर्षे कशी केली, तेवढे विसरू नये.

शेवटी प्राध्यापक धनंजयराव गाडगीळांचे नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. १९३० साली रावबहादूर काळे ह्यांच्या देणगीने पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली. तिची धुरा गाडगीळांनी १९६६ पर्यंत वाहिली. त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना पुस्तकांतून उठवून गावांत पाठविले, घरोघर माहिती गोळा करावयास लावली. १९५१-५२ साली रिझर्व्ह बँकेच्या वतीने देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी झाली. तिच्यात दिसून आले की शेतकऱ्याच्या कर्जापैकी सहकारी संस्थांकडून येणारा वाटा शेकडा ३ च्या जवळपास, आणि सावकारांचा शेकडा ७० च्या घरात. एवढे दिवस व्याख्यानांतून सहकाराचा जो जयजयकार चालला होता, त्याला ह्या दोन आकड्यांनी जमिनीवर आणले. आणि त्याच सुमारास प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याचे अध्यक्षपद गाडगीळांनी स्वीकारले. विखे पाटील विद्यापीठात गेलेले नव्हते. गाडगीळ केंब्रिजहून आलेले. एकाला शेतकऱ्याचे मन कळत होते, दुसऱ्याला भांडवलाचे गणित. कारखाना उभा राहिला तो दोघे एका मांडवात बसले म्हणून.

आता आमच्या शेजारच्या मुलीला काय सांगितले ते सांगतो. पंधरा दिवसांनी आम्हीच त्यांच्या घरी गेलो. सोबत तो जुना अहवाल नेला. तिच्या वडिलांपुढे तिला म्हणालो, "अर्थशास्त्र घे, गणितासह घे. आणि तीन वर्षांत जमाखर्च आणि ताळेबंद बाबांकडून शिकून घे, त्यांच्याइतका चांगला शिक्षक तुला विद्यापीठात मिळेलच असे नाही. नंतर सी. ए. कडे जायचे की एम. ए. कडे, ते तू ठरव." तिने अहवाल हाती घेतला, सावकाश चाळला आणि विचारले, "आजोबा, ह्यात किती लोकांनी कर्ज घेतलं होतं ते लिहिलंय, पण कोणाला किती दिलं ते का नाही लिहिलेलं?" आम्ही तिच्या वडिलांकडे पाहिले. आमच्या दोघांच्याही ध्यानात तो प्रश्न कधी आला नव्हता. एकाच घरातल्या चौघांना अर्धे कर्ज दिलेले असेल तर ते छापील पानावर दिसणार कसे?

मुलीने प्रवेश घेतला आहे. पहिले वर्ष झाले. नोकरी कोणती मिळेल हे आज कोणी सांगू शकत नाही, आणि आम्ही तर एकदा "हरकत नाही" असे सांगून पाहिलेले आहे. म्हणून आता एवढेच म्हणतो, की आपल्या मुलांना ही विद्या शिकवावयास पाठवाल तेव्हा सुट्टीत घरी आल्यावर त्यांच्यापुढे आपले पासबुक, आपल्या सोसायटीचा अहवाल, आपल्या नगरपालिकेचे अंदाजपत्रक ठेवा आणि म्हणा, वाचून दाखव. त्यांना वाचता आले तर शिक्षण कामी येते आहे. न आले तर फी भरण्यापूर्वी त्यांच्या प्राध्यापकांना एकदा भेटा. आमच्यासारखे असतील तर त्यांनाही ते अकरावे पान दाखवा.